बाजूच्या कप्प्यातला कप

मी कमी बोलते. कमी बोलणाऱ्या मुलीला लोक काही न विचारताच चांगली ठरवून टाकतात, हे मला फार लवकर कळलं होतं. आमच्या अकोल्याच्या जठारपेठेत कुणालाही विचारा — "वकिलांची शालू ना? गरीब गाय आहे हो." या गरीब गायीनं काय केलं ते आजवर कुणाच्या कानावर गेलेलं नाही. आईच्या नाही, देवापुढेही नाही. शाळेत आम्हाला इंग्रजीतून रोजनिशी लिहावी लागे, सिस्टर ती तपासत. तिच्यात त्या दिवसाचं पान आहे — आम्ही अमरावतीचं प्रदर्शन पाहिलं, आकाशपाळण्यात बसलो, फार मजा आली. खाली लाल शाईत शेरा — 'व्हेरी गुड'.

व्हेरी गुड! तो शेरा आठवला की आजही माझं डोकं फिरतं. सिस्टरवर नाही. स्वतःवर.

पिशवीपासून सुरू करते. पिशवीबद्दल बोलणं सोपं आहे.

मी नववीत होते. हिवाळ्यात अमरावतीला मोठं प्रदर्शन भरलं होतं — दुकानं, मौत का कुआ, जादूचे आरसे, आणि अकोल्यात कुणी पाहिला नव्हता एवढा उंच आकाशपाळणा. शाळेनं एक बस ठरवली. सकाळी निघायचं, रात्रीच्या आत परत. मुली जास्त, बस एकच. म्हणून सिस्टरांनी नियम केला की एका बाकावरच्या दोघींत मिळून एकच पिशवी. जेवण, पाणी, स्वेटर, सगळं तिच्यातच. पिशवी कुणाची ते दोघींनी ठरवायचं.

माझ्या बाकावर विमल होती. तिचे वडील कचेरीत कारकून. छप्पन साली तिच्या घरच्यांनी बौद्ध धर्म घेतला होता, आणि ती ते लपवत नसे. एका नव्या सिस्टरनं वर्गात विचारलं तेव्हा उभी राहून, आपलं नाव सांगावं तितक्या सहज म्हणाली, "वी आर बुद्धिस्ट, सिस्टर." मला स्वतःचा हजेरी नंबरसुद्धा एवढ्या मोठ्यानं सांगता येत नसे. मग ती खाली बसली आणि माझ्या कानात म्हणाली, "काहून थरथरून राह्यली वं? विचारलं मले, घाम तुले!"

माझी एकच मैत्रीण होती. ती ही.

ती आमच्या घरी गणितं सोडवायला येई. आता घराबद्दल सांगायला हवं. आमच्या मागच्या अंगणातल्या कोनाड्यात एक तामचिनीचा कप असे — पांढरा, निळ्या कडेचा, कानाजवळ टवका उडालेला. गोवऱ्या घेऊन येणारी बाई, शेतावरून निरोप घेऊन येणारा माणूस, यांना चहा त्यातून. पिऊन झालं की त्यांनीच विसळायचा आणि पालथा घालायचा. कुणी कुणाला काही सांगत नसे. सगळ्यांना माहीत असे. विमल पहिल्यांदा आली त्या दिवशी आत्यानं — माझ्या वडिलांची विधवा बहीण, घरातला सोवळ्याओवळ्याचा शेवटचा शब्द तिचा — त्या कोनाड्याकडे नुसतं पाहिलं. आईनं तिकडे पाहिलंच नाही. आमच्याच कपबशीत चहा ओतला आणि विमलसमोर ठेवला. आत्या दोन दिवस आईच्या हातचं जेवली नाही. आई चौथी शिकलेली. तिनं भांडण केलं नाही, भाषण केलं नाही. आत्याच्या भाकरीचं पीठ वेगळं काढून दिलं आणि तिसऱ्या दिवशी विमलला पुन्हा चहा दिला. आईनं आयुष्यात स्वतःच्या मनानं केलेली ही बहुधा एवढी एकच गोष्ट.

हे नीट लक्षात ठेवा. कारण मी जे चोरलं ते हेच.

सहलीच्या आदल्या दिवशी शाळेच्या नळापाशी प्रमिला भेटली. गोरी, हसरी, बोलण्यात साखर. आमच्या नात्यातलीच. तिनं फक्त विचारलं, अगदी गोड इंग्रजीत — तुझं आणि तिचं एकाच पिशवीत? पाणीसुद्धा? आणि हसली. बस, एवढंच. शिवी नाही, धमकी नाही. मी काय म्हणायला हवं होतं? "हो," एवढंच. एक अक्षर. मी खाली मान घालून निघून आले, आणि लाजाळू आहे बिचारी, असं सगळ्यांनी मानलं. लाज? ती लाज नव्हती. शुद्ध भेकडपणा होता, आणि लाजेचा पदर घेतला की तो कुणाला दिसत नाही.

संध्याकाळी पिशवी भरायला बसले. घरात तीन पिशव्या होत्या. आईनं जुन्या लुगड्याच्या काठाची शिवलेली कापडी. वडील शेतावर नेत ती खाकी. आणि दादाची निळी एअरबॅग. आई कापडी पुढे करत होती — "हे ने. मळली त धुता येते." मी म्हटलं, एअरबॅगला चेन आहे, सामान सांडत नाही. आईला पटलं. तिनं दशम्या बांधल्या, ठेचा घातला, भुईमुगाची चटणी, चार संत्री, फिरकीचा तांब्या पाण्यानं भरून. आणि फडताळातून दोन पितळी पेले काढले. तिच्या माहेरचे, जोडीचे, दोन्हींवर तिच्या वडिलांचं नाव कोरलेलं. कल्हई लावून ठेवलेले. पाहुण्यांनाही ती ते सहसा देत नसे.

"दोन कायले?" आत्या आतून ओरडली.

"दोघी हायेत म्हून," आई म्हणाली आणि चुलीकडे गेली.

मी एअरबॅग का निवडली? चेनसाठी नाही. तिला बाजूला एक कप्पा होता. झाकण असलेला, आतलं बाहेरून न दिसणारा. पिशवी निवडली तेव्हाच मी सगळं ठरवलं होतं — आयत्या वेळी घाबरून झालं, असं मला म्हणता येणार नाही. मी एक पेला परत फडताळात ठेवला. मागच्या अंगणात गेले. कोनाड्यातला तो कप घेतला. राखेनं घासला — हो, चांगला घासला, दोनदा! — आणि त्या कप्प्यात ठेवला.

आईनं नाही. आत्यानंही नाही. मी. शेक्सपिअर पाठ म्हणणाऱ्या मुलीनं.

प्रदर्शनाच्या मैदानात एका कडुनिंबाखाली आम्ही जेवायला बसलो. प्रमिला आणि तिची जोडीदार शेजारीच. विमल दशमीला ठेचा लावून "हाय हाय" करत होती, डोळ्यांतून पाणी, तरी खात होती, आणि म्हणत होती, "मावशीच्या हाताले मोर्शीची मिरची सोडत नाई वाटते! पानी दे वं, पानी दे, जीव चालला माया!" प्रमिला पाहत होती. मी तांब्याची फिरकी उघडली. पेल्यात माझं पाणी ओतलं. मग बाजूचा कप्पा उघडला, कप काढला, त्यात पाणी ओतलं आणि तिच्यापुढे धरला.

ठेच्यानं पोळलेलं तोंड घेऊन ती त्या कपाकडे पाहत राहिली. मग माझ्या पेल्याकडे. मग पुन्हा त्या टवक्याकडे. तिनं तो कोनाड्यात पाहिला होता — येता-जाता कितीदा तरी पाहिला असणार.

"हा कोनं ठेवला?" तिनं विचारलं. हळूच.

आणि मी म्हटलं, "आईनं."

हे ते. झालं सांगून. नाही, झालं नाही — हे तर फक्त अर्धं.

विमलनं ते पाणी कडुनिंबाच्या बुडाशी ओतलं. कप पालथा घातला, अगदी रीतीप्रमाणे. उठली, मैदानाच्या कडेच्या नळावर गेली आणि ओंजळीनं पाणी प्यायली. बराच वेळ. प्रमिला आता दुसरीकडे पाहत होती. तिचं समाधान झालं होतं. नंतर उभ्या वर्षात ती माझ्याशी चार वाक्यंसुद्धा बोलली नाही. त्या मुलीसाठी केलं मी हे!

पाळण्यात जोडीनंच बसायचं होतं. विमल बसली. तिनं नाही म्हटलं नाही, हात झटकला नाही. आमचा पाळणा अगदी वर गेला आणि थांबला — खाली माणसं चढत-उतरत होती. वर फक्त आम्ही दोघी. बाजूला वारा, खाली पत्र्यांची छपरं, दूरवर संत्र्यांच्या बागा. ऐकायला कुणी नाही. प्रमिला नाही, आत्या नाही. मला तेव्हा भीती कुणाची होती? सांगा ना, कुणाची?

विमल समोर पाहत म्हणाली, "तुयी आई मले लय चांगली वाटे वं. माई आजी सांगे, सारे सारकेच असतात. मी तिच्याशी भांडलो होतो."

आमच्याकडे मुलीही असंच बोलतात — भांडलो होतो. त्या बोलण्यात रडणं नव्हतं. हरल्याचा राग होता. मी तोंड उघडलंसुद्धा. मग पाळणा हलला, खाली आला, आणि मी ते मिटलं.

परतताना बसमध्ये तिनं आपला डबा आणि स्वेटर पिशवीतून काढून घेतले आणि मांडीवर ठेवले. अकोल्यापर्यंत तसेच.

घरी आल्या आल्या मी कप कोनाड्यात पालथा घातला. आई फडताळापाशी उभी होती. "शाले, एक पेला इथंच राह्यला वं! मंग पोरीनं पानी कायच्यात पेलं?"

मी म्हटलं, "एकाच पेल्यात प्यालो आम्ही दोघी."

आईचा चेहरा — तो मी कधी विसरणार नाही. आधी चमकली. मग हसली. तोंडावर पदर धरून, लहान मुलीसारखी. रात्री तिनं आत्याला मुद्दाम ऐकवलं. आई जिंकली होती. माझ्या थापेवर.

विमल पुन्हा आमच्या घरी आली नाही. पुढच्या वर्षी तिच्या वडिलांची बदली झाली, तोवर ती माझ्याशी बोले — शाळेपुरतं, इंग्रजीत. आई विचारी, "ते पोरगी येत काहून नाई आता?" मी सांगे, अभ्यास आहे. एकदा बाजारात आईला ती दिसली. आई हात उंच करून ओरडली, "विमल! ओ विमल!" विमल थांबली. आईकडे नीट पाहिलं, डोळ्यांत डोळे घालून, आणि वळून चालू लागली. आईचा हात तसाच वर. मी शेजारी उभी होते, भाजीची पिशवी धरून. विमलनं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिच्या लेखी दोष माझा नव्हताच.

"ओळखलं नाई वाटते," आई म्हणाली. घरी पोचलो. मग दारात — "मायं काई चुकलं का वं?"

मी म्हटलं, "नाही गं."

तुम्हाला वाटेल, मुलगी लहान होती. चौदा वर्षांची. नका वाटून घेऊ. गेल्या महिन्यात मी लहान नव्हते. बी. ए. होऊन वर्ष झालं. अचलपूरची माणसं मला पाहायला आली. मुलाचे वडील नेमानं मोझरीच्या आश्रमात जाणारे, जातपात न मानणारे. आमच्या वडिलांनी त्यांना ती गोष्ट सांगितली — आमची शालू नववीतच बौद्ध मैत्रिणीबरोबर एका पेल्यात पाणी प्याली, कुणाला न विचारता! ते गृहस्थ माझ्याकडे कौतुकानं पाहत राहिले. म्हणाले, अशीच सून हवी. मी खाली मान घातली. सगळ्यांना ती लाज वाटली.

लग्न ठरलं. परवा आई माझी ट्रंक भरत होती. पातळांच्या घड्यांमध्ये तिनं ते दोन्ही पेले ठेवले. "जोडी फोडू नाई," म्हणाली. मग पुन्हा बाहेर काढले, उजेडात धरले, दोन्हींवरचं एकसारखं नाव पदरानं पुसलं आणि मला विचारलं, "तुमी दोघी ज्यात पेल्या तो यातला कोनता वं?"

मी डावीकडचा उचलला आणि म्हटलं, "हा."