कूलरच्या बटणापाशी

पारडीचे नत्थूजी म्हणजे कळमन्याच्या बाजारातले संत्र्याचे जुने अडते. माल पारखण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. संत्रं आतून कोरडं निघेल की रसाळ, हे ते सोलायच्या आधीच सांगत. एकुलत्या एका पोरीच्या डोक्यात काय शिजतंय, हे मात्र त्यांना अजून उमगलं नव्हतं.

भूमिका शिकली, एका जिममध्ये शिकवायला लागली, आणि एक दिवस जेवता जेवता म्हणाली, की पुण्याची दिपाली आणि ती अशा दोघी मिळून अटलांटिक महासागर वल्ह्यांनी ओलांडणार. शर्यत आहे, दोनेक महिने लागतील, एक वल्हवेल तेव्हा दुसरी झोपेल.

"पल्याड काय हाय?" नत्थूजींनी विचारलं.

"एक बेट हाय, बाबा."

"मंग इमानात बसून काहून नाही जात?"

प्रश्न काही चुकीचा नव्हता. पण भूमिकेनं हसून आणखी एक पोळी वाढून घेतली. शेजारच्या चंपतरावांनी तर पोरीला नेव्हीत नोकरी लागली असं परस्पर ठरवून पेढे मागितले. नत्थूजी त्यांना खरं काय ते समजावायला गेले, समजावता समजावता स्वतःच गोंधळले आणि शेवटी पेढे देऊन मोकळे झाले.

हिवाळाभर ती अंबाझरीच्या तलावात वल्हवत होती. उन्हाळा लागला तसं तिनं बैठकीत वल्हवायचं मशीन आणून ठेवलं आणि कूलर बंद केला. भर उन्हाळ्यात, नागपुरात, आपल्या हातानं कूलर बंद करणारा माणूस नत्थूजींनी जन्मात पाहिला नव्हता. आधी त्यांना वाटलं, बिघडला असेल. त्यांनी टाकीत पाणी भरलं, बटण दाबलं. पोरीनं उठून पुन्हा बंद केला.

"काहून वं? आंग शिजून राहिलं तुयं."

"समुद्रात सावली नाही राहत, बाबा. उन्हाची सवय पाहिजे."

तेव्हापासून रोज हेच. ती बंद करायची, हे चालू करायचे. भूमिकेची आई, कौसल्याबाई, दोघांनाही हात जोडून स्वयंपाकघरात निघून जायच्या.

मग भूमिका-दिपालीच्या प्रशिक्षकांनी चाचणी ठेवली. दोघींनी आपापल्या घरी पूर्ण दिवस आळीपाळीनं वल्हवायचं आणि विसावायचं. कूलर लावला की चाचणी बाद, आणि जी बाद होईल तिच्या जागी दुसरी मुलगी जाणार. त्या सकाळी नत्थूजींनी देवापुढे हात जोडले आणि काय मागावं तेच त्यांना सुचेना. पास होवो म्हणावं तर पोर समुद्रात जाते. नापास होवो म्हणावं तर बापच पोरीचं वाईट चिंततो. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. "तुले समजते," एवढंच म्हणून ते उठले.

दुपारपर्यंत भूमिका बरी होती. मग तिचा चेहरा उतरला. कौसल्याबाई ओल्या पंच्यानं तिची मान पुसत होत्या, मीठसाखरेचं पाणी पाजत होत्या. पाणी पोटात टिकत होतं, शुद्धही नीट होती, पण मन खचलं होतं. खाली मान घालून ती म्हणाली, "बस झालं, बाबा. नाही होत माह्याच्यानं. कूलर लावा."

एवढंच तर त्यांना हवं होतं. पोर घरात राहणार होती. नत्थूजी लगबगीनं उठले, बटणापर्यंत गेले, हात वर केला आणि तसेच उभे राहिले. वळून पाहिलं तर पोरीनं मशीनची मूठ अजून सोडली नव्हती.

"लाईन गेली वं," ते म्हणाले.

कौसल्याबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. भिंतीपलीकडे चंपतरावांचा कूलर त्याच विजेवर खडखडत होता. तो भूमिकेलाही ऐकू येत होता. तिनं बापाकडे पाहिलं, पाय रोवले आणि मूठ ओढली.

नत्थूजी भिंतीला टेकून खाली बसले. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी थांबेना.

"काहून केलं तुमी असं?" कौसल्याबाईंनी हळूच विचारलं.

"मले काय मालूम," नत्थूजी म्हणाले.