फोटोमागची ओळ

चहा घ्या, पण घोट जरा दमानं घ्या. माझी फजिती ऐकताना ठसका लागला तर मी जबाबदार नाही!

मी यवतमाळचा. इंजिनिअरिंग झालं, नोकरी काही मिळेना, म्हणून पुण्यात कर्वेनगरला वेब डिझाइनचा क्लास लावला. बाबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "हा कोर्स पास झालास तर पुण्यात राहा, नाही तर परत येऊन आपल्या दुकानात बस." दुकान कशाचं? खतांचं! त्या वासाच्या धाकानं मी जीव तोडून अभ्यास करत होतो.

शेवटच्या परीक्षेसाठी एखाद्या खऱ्या संस्थेची वेबसाइट बनवायची होती. मी ज्यांच्याकडे कॉट बेसिसवर राहायचो त्या काकू एका वधूवर मंडळाच्या सचिव, आणि त्यांचे यजमान नाना अध्यक्ष. म्हटलं, घरचीच संस्था, यापेक्षा सोपं काय?

क्लासच्या मॅडमनी बजावलं होतं, "ज्यांना दिसत नाही त्यांनाही साइट वापरता आली पाहिजे. प्रत्येक फोटोमागे वर्णनाची एक ओळ लिहायची. पानावर ती दिसत नाही, पण त्यांचा कम्प्युटर ती वाचून दाखवतो. मित्राला फोनवर सांगताय असं लिहा, आणि खरं लिहा."

पानावर दिसत नाही! एवढंच माझ्या डोक्यात बसलं. शिवाय दृष्टी नसलेलं माणूस वधूवर मंडळाच्या साइटवर कशाला येतंय? सुटलो की मी! काकू-नानांबद्दल गावाकडच्या मित्राला फोनवर जे सांगायचो, तेच लिहीत गेलो. नमुन्याला एका मुलाचं स्थळ हवं होतं, तिथं माझाच फोटो डकवला. त्याची ओळ मात्र जपून लिहिली. स्वतःच्या बाबतीत माणूस जपूनच असतो, नाही का?

परीक्षेचा दिवस उजाडला. नाना आणि काकू नटूनथटून पहिल्या रांगेत. बाहेरून आलेले परीक्षक केळकर सर आत आले, आणि बघतो तर त्यांच्या हातात पांढरी काठी!

सर कम्प्युटरसमोर बसले. मॅडम म्हणाल्या, "सर, स्पीकर लावू? सगळ्यांना ऐकू येईल."

"नको!" मी ओरडलो. "म्हणजे... सरांना त्रास होईल."

"मला कसला त्रास? लावा."

आणि तो यांत्रिक आवाज सुरू झाला, ना भाव ना दयामाया! "अध्यक्षांचा फोटो. डोक्यावरचा केसांचा टोप डावीकडे सरकलेला. शर्टाची बटणं पोटाशी झुंजत आहेत."

नानांचा हात डोक्यावर गेला.

"सचिवांचा फोटो. हसत आहेत, म्हणजे समोर भाडेकरू नसावा."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. काय सांगू, खताचा वास मला तिथंच यायला लागला!

सर कळ दाबत पुढे गेले. "वराचा फोटो. उंच, गोरा, देखणा, हसतमुख. राजबिंडा तरुण."

"वा!" सर खूश झाले. "माझी मुलगी लग्नाची आहे. तिच्यासाठी स्थळं मीच शोधतोय. हा मुलगा कोण?"

काकूच म्हणाल्या, "हा आमचा भाडेकरू. इथंच उभा आहे."

"हो का? वर्णन बरोबर आहे?"

"अजिबात नाही!"

"मग बाकीच्या वर्णनांवर तरी विश्वास कसा ठेवायचा?"

"अहो, बाकीची अगदी खरी आहेत!" काकू ताडकन म्हणाल्या. आपण काय बोलून बसलो ते त्यांना नंतर कळलं. नाना त्यांच्याकडे बघतच राहिले.

केळकर सर पोट धरून हसले. मग म्हणाले, "इतर मुलं नुसतं 'फोटो' लिहून मोकळी होतात. तुम्ही निदान माणसं दाखवलीत. पास करतो. पण आधी दोघांची माफी मागा, आणि ते सांगतील तशा ओळी बदला. आत्ता, माझ्यासमोर."

मी माफी मागितली, हात जोडून, दोनदा. नानांचा टोप गेला, भाडेकरू गेला. मग माझी ओळ आली. काकू शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"'उंच' काढ. 'गोरा' काढ. 'देखणा' तर काढच." 'राजबिंडा' त्यांनी तोंडानं उच्चारलाही नाही, नुसतं बोट ठेवलं.

"काकू, 'हसतमुख' तरी राहू द्या ना जी!"

काकूंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"आत्ता हसतोयस का?"