मामाच्या शेजारचा पाट

विलासमामा गेल्याचं आम्हाला दिगूकाकांच्या फोनवरून कळलं... खरं तर ‘गेला’ असं ते म्हणालेच नाहीत. “ताई, बेगीन येवा, माका आत सोडनत नाय,” एवढंच आईला म्हणाले. इथे आखातात, अबू हलीफाच्या खोलीत दोघांनी कित्येक वर्षं एकत्र काढली. मामा शुऐबाच्या कारखान्यात वेल्डर, दिगूकाका एका मेसमध्ये स्वयंपाकी. पण पेशंटचे तुम्ही कोण, असं हॉस्पिटलात विचारल्यावर सांगायला एकच शब्द होता : रूममेट.

दिगूकाका आता इथल्या कायद्याच्या आवाक्याबाहेर, देवगडला परतलेत, म्हणून हे लिहायचं धाडस करते आहे.

मामा हसरा माणूस. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिली, त्यामुळे जगातला कुठलाही कायदा मला ठाऊक असणार अशी त्याची खात्री. दिल्लीहून समलिंगी विवाहाचा निकाल आला तेव्हा त्याने मलाच समोर बसवलं. मी अडखळत सांगितलं, की एकत्र राहायला हरकत नाही, पण लग्नाचा हक्क द्यायचा तर तो संसदेनं, असं कोर्ट म्हणतंय. “म्हणजे चूल मांडा, पण पाटार बसू नकात!” मामा म्हणाला आणि स्वतःच खो-खो हसला. आई चिडली. “कागद कित्याक होयो? रवतास मां सुखान?” मामाचं हसू तेवढ्यापुरतं थांबलं. “मी मेलंय तर ह्याका कोण विचारतलो, गो?”

पुढच्याच शुक्रवारी खोलीत सत्यनारायण होता. भटजी एरवी ऑफिसात हिशेब बघणारे. बायको सोबत नसली की तिच्या जागी यजमानाच्या कमरेला सुपारी खोचतात. इथे एकट्याने राहणाऱ्या आमच्या लोकांना ते सवयीचं. भटजींनी सुपारी पुढे केली. “बाजूक माझो माणूस आसा, सुपारी कित्याक?” म्हणत मामाने दिगूकाकांना ओढून शेजारच्या पाटावर बसवलं. ते लाजून चूर. भटजींनी सुपारी परत तबकात ठेवली आणि म्हणाले, “बरं, यांच्या हाताला हात लावा.” आई तरातरा उठली. पण सत्यनारायणाचा प्रसाद सोडून जायची हिंमत होईना, म्हणून दारातच उभी राहून तिने शिऱ्याचा डबा भरून घेतला!

त्याच आईने हॉस्पिटलात दिगूकाकांचा दंड धरला आणि “हमारे घर का आदमी है” म्हणत त्यांना आत नेलं. नर्सने विचारलं, घर का मतलब कौन? आई म्हणाली, “भाई.” खोटंच होतं. खऱ्याला तिथे चालेल असा शब्द नव्हता. दिगूकाकांना मामाचा चेहरा बघायला मिळाला.

काही दिवसांनी आम्ही खोलीवर गेलो. दिगूकाकांनी मामाचे कपडे एका बॅगेत भरून ठेवले होते. “कायद्यान ह्या सगळा तुमचा,” ते म्हणाले. आईने बॅग उघडली आणि एकेक कपडा, घडी न मोडता, त्यांच्या कपाटात परत लावला. निळ्या चौकड्यांचा एक शर्ट मात्र तिच्या हातातच राहिला.

“दिगू, ह्यो मी घेव काय?”

“वास येता हां, ताई. धुवून देतंय.”

“नको. तसोच दी.”