पेटीला कान लावला तेव्हा

टेलिफोन कचेरीतून निवृत्त झाल्यावर बाईंनी मोठ्या हौसेनं मधमाश्या पाळायला घेतल्या. हौस राहिली बाजूला, जिवाला घोरच लागला. गच्चीवर टाकीशेजारी एकुलती एक पेटी. पण तिच्या दारातल्या फळीवर चार मेलेल्या माश्या दिसल्या, की बाईंना चहा गोड लागत नसे. रोग तर नसेल? कीड तर नसेल? एक दिवसाआड त्या झाकण उघडून पोळ्यांच्या चौकटी उचलून बघायच्या.

"अगं, आपलं छप्पर कुणी असं सारखं उचकटलं तर तू राहशील का त्या घरात?" नवरा म्हणायचा. बाई कानाडोळा करायच्या.

एका दुपारी त्या बहिणीकडून परतल्या तर पेटी अर्धीअधिक रिकामी.

"ढगच उठला गं गच्चीवरून," नवरा म्हणाला. "मी काय, आ वासून बघत बसलो."

बाईंनी चौकटी काढल्या. राणी दिसेना. त्यात भर म्हणून पोळ्याच्या खालच्या कडेला भुईमुगाच्या शेंगांसारखं काहीतरी लोंबत होतं. त्यांनी स्वयंपाकघरातून सुरी आणली. चाळीस वर्षं माश्या पाळणाऱ्या सुतारानं ती पेटी बनवून दिली होती. बाईंनी त्याला फोन लावला.

"काका, मी मारली हो राणी, सारखं उघडून उघडून. आणि हे शेंगांसारखं काय आलंय? खरवडून काढू का?"

"सुरी ठेवा आधी खाली," सुतारकाका म्हणाले. "आठ दिवस झाकणाला हात लावू नका. मग मी येतो."

ते आठ दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. नवव्या दिवशी, उन्हं कलल्यावर, काका आले. त्यांनी झाकण उघडलंच नाही. "कान लावा," एवढंच म्हणाले.

बाईंनी गुडघे टेकून लाकडाला कान लावला. एकतीस वर्षं फोनवर दूरदूरचे आवाज ऐकून तयार झालेला कान तो. आधी नुसती गुणगुण. मग तिच्यातून एक बारीक, लांब सूर निघाला, पिपाणी फुंकावी तसा. त्यामागून चार-पाच तुटक. क्षणभर शांतता. आणि मग कुठून तरी खोलवरून, तोंडावर उशी धरल्यासारखं, दबकं उत्तर आलं.

"कोण बोलतंय?" बाईंनी कुजबुजत विचारलं.

"जुनी राणी अर्ध्या घराला घेऊन गेली, नवं घर थाटायला. घर वाढलं की जातात तशा. ही नवी बाहेर आलीये, ती हाक मारतेय. आणि ज्या राण्या अजून तुमच्या त्या शेंगांमध्ये बंद आहेत ना, त्या आतून ओ देताहेत."

बाईंनी पेटीवरचा कान काढलाच नाही. नवऱ्यानं खाली बसून दुसऱ्या बाजूला कान लावला.

तीन आठवड्यांनी, काकांच्या परवानगीनं, बाईंनी एक चौकट उन्हात धरली. पोळ्याच्या प्रत्येक घराच्या तळाशी नव्या राणीनं घातलेलं, टाचणीच्या टोकाएवढं पांढरं अंडं उभं होतं. शेकडो. त्या मोजायला लागल्या, आणि मध्येच मोजायचं विसरल्या.