माइल्स माहेरच्या नावावर

“सर, नाव वेगळं, मधलं नाव वेगळं, आडनावही वेगळं. मग ही तीच बाई कशावरून?”

एअरलाइनच्या ऑफिसातली मुलगी मला फोनवर विचारत होती. ती बाई माझ्या वाशीच्या ट्रॅव्हल एजन्सीत, माझ्यासमोर, नवऱ्याशेजारी बसली होती.

लग्नाआधी ती वैशाली पाटणकर. तळोज्याच्या केमिकल कंपनीत एक्सपोर्ट बघायची, सारखी जर्मनीला जायची. एकाच एअरलाइननं उडत राहिलं की खात्यात माइल्स जमतात. पुरेसे जमले की तिकीट फुकट. मग पस्तिशीत लग्न झालं. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘मीरा’ लिहिलं. नेरूळच्या फ्लॅटच्या पाटीपासून नव्या पासपोर्टपर्यंत ती मीरा सबनीस झाली. माइल्स मात्र माहेरीच राहिले.

वडील टोरोंटोला भावाकडे होते. हार्टचं दुखणं, डॉक्टरांनी विमानप्रवास बंद केलेला. त्यांना एकदा भेटायचं, एवढंच तिला हवं होतं. विकतचं तिकीट फ्लॅटच्या हप्त्यांत बसत नव्हतं.

फुकट तिकिटावर एक स्टॉपओव्हर मिळायचा. म्हणजे वाटेत एका शहरात उतरून हवे तितके दिवस राहायचं, जादा पैसे नाहीत. मी रूट बसवला. जाताना फ्रँकफर्टमार्गे वडिलांकडे, येताना नैरोबीत बहिणीकडे. इतका देखणा रूट मी पुन्हा कधी बसवला नाही. पण त्या स्कीममध्ये तिकीट फक्त मेंबरच्याच नावानं निघायचं आणि माइल्स डिसेंबरअखेर बाद होणार होते.

“मॅरेज सर्टिफिकेट आहे?” मी विचारलं.

“ते कोण काढतं हो? पत्रिका आहे, फोटो आहेत,” नवरा म्हणाला. “पासपोर्टला अ‍ॅफिडेव्हिट चाललं की.”

सगळं फॅक्स केलं. उत्तर आलं, पत्रिकेत वधू ‘चि. सौ. कां. वैशाली’ आहे, यात मीरा कुठे? अ‍ॅफिडेव्हिट आम्हाला चालत नाही, नाव बदलल्याचं गॅझेट आणा.

गॅझेटसाठी अर्ज केला. सरकारी काम आणि सहा महिने थांब.

“मी हौसेनं नाव ठेवलं हो,” नवरा म्हणाला.

“तुम्ही नाव ठेवलंत, एअरलाइन नावं ठेवतेय,” मी म्हणालो. कोणी हसलं नाही. नको तिथे जीभ चालली, याचं मला अजून वाईट वाटतं.

डिसेंबर सरला. माइल्स गेले. फेब्रुवारीत भावाचा फोन आला, तेव्हा नवऱ्यानं पतपेढीतून कर्ज काढलं आणि मी मिळेल त्या विमानाचं तिकीट दिलं. ती पोचली तोवर सगळं आटोपलं होतं.

परत आल्यावर ती एकटीच ऑफिसात आली. चहा घेतला नाही.

“बाबा शेवटपर्यंत विचारत होते म्हणे,” ती म्हणाली. “वैशाली निघाली का?”

गॅझेट मार्चमध्ये आलं. छपाईत एकही चूक नव्हती.

तेव्हापासून हनिमूनच्या तिकिटाला जोडपं आलं की मी आधी मुलीला विचारतो, तुझ्या नावावर माइल्स आहेत का? असतील तर आधी फिरून ये. नाव काय, नंतरही बदलता येतं.