थैलीतली नोटीस

दिव्यानी काय काम करते, हे चामोर्शीत कोणालाच धड सांगता येत नाही. शेजारची रीताबाई ‘कम्प्युटरचं’ म्हणते आणि विषय संपवते. खरं म्हणजे ती कंपायलरवर, लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या साधनावर, काम करते. प्रोग्राम लिहिणाऱ्याचं कुठे चुकलं की ‘अमुक ओळीत घोळ आहे, असं करून बघा’ असा संदेश यंत्र देतं ना, तो संदेश घडवणाऱ्या माणसांपैकी ती एक. बाकीची मंडळी कुठल्या कुठल्या देशांत बसलेली. ही बैलबाजाराच्या मागच्या गल्लीत, डासांसाठी खिडकीला हिरवी जाळी ठोकलेल्या खोलीत.

या महिन्यात वाट्याला आलेलं काम कंटाळवाणं होतं, आणि तिला तसंच हवं होतं. संदेश तयार करायची जुनी पद्धत काढून नवी आणायची. जुन्या पद्धतीत संदेश म्हणजे टेबलावर पडलेला कागद. कोणीही यावं, एक ओळ खरडावी, कागद तिथेच ठेवून चालू लागावं. तो शेवटी पोचवायचा कोणी, हे कोणाच्याच गळ्यात नाही. नव्या पद्धतीत कागद हातातून हातात जाणार. आपली ओळ लिहायची आणि पुढच्याला देऊन टाकायचा. एकदा दिला की परत हात लावायला गेलात तर कंपायलर अडवतो, ही वस्तू आता तुमची नाही म्हणतो. आणि शेवटी ज्याच्या हातात उरेल, त्याने तो माणसापर्यंत पोचवायचा किंवा उघडपणे रद्द करायचा. नुसता जवळ ठेवून गप्प बसला, तर यंत्र तिथल्या तिथे बंद पडतं.

अशा चारशे बारा जागा बदलायच्या होत्या. दिव्यानी रोज चाळीसेक उरकायची. डोकं लागत नव्हतं, बोटं चालत होती. अकरा दिवस तिला कशाचं काही वाटत नव्हतं. भात खाल्ला की खाल्ला, रीताबाईने हाक मारली की ओ दिली. लॅपटॉपच्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात वडिलांच्या रिपोर्टची घडी होती. मोबाईलवर रिपोर्ट आणि त्याखाली डॉक्टरचा सल्ला आला त्याच दिवशी तिने झेरॉक्सच्या दुकानातून तो छापून आणला, कप्प्यात घातला आणि चेन ओढली. त्यानंतर ती चेन उघडली नव्हती.

तिचे वडील गुणवंतराव चौतीस वर्षं कोतवाल होते. तहसीलच्या नोटिसा घेऊन पायी गावोगाव हिंडायचे, आणि वाटेत सोबतीला तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्या खर्‍याने गालात जखम केली. ती भरेना, तेव्हा नागपूरला तुकडा काढून तपासायला दिला. रोज धानाच्या बांधीवरून आले की ते विचारायचे, “रिपोर्ट आला का व?” आणि ती म्हणायची, “येऊन राह्यला बाबा.” भातलावणीचा रोवणा आटोपू दे, तिने ठरवलं होतं. चिखलात उभं राहून बायांवर ओरडण्याचं सुख आहे, तेवढं मिळू दे माणसाला. असली ठरवाठरवी माणूस करतो आणि वर स्वतःला शहाणाही समजतो.

अकराव्या दिवशी दुपारी सगळ्या जागा संपल्या. तिने चाचण्या लावल्या, तर एका जागी यंत्र बंद पडलं. तिथे चूक दाखवणारा संदेश तयार होत होता, त्यावर तीन टिपा चढत होत्या, आणि तो कोणालाच दिला जात नव्हता. सहा वर्षं हे चाललं होतं. जुन्या पद्धतीत कळलंच नसतं. तिने दुरुस्ती केली, पुन्हा चाचण्या लावल्या, तेवढ्यात लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला. खोलीत उकडायला लागलं म्हणून तो उचलून ती बाहेरच्या छपरीत खाटेवर, वडिलांशेजारी येऊन बसली.

“कायचं काम हाये इतकं?” त्यांनी विचारलं. जखमेमुळे तोंड अर्धंच उघडायचं. “दहा-अकरा दिवस झाले, मान वर नाई तुही.”

तिने टेबलाचं आणि कागदाचं सगळं सांगितलं.

“यात नवीन काय हाये? नोटीस ज्याच्या थैलीत, बजावनी त्याची. हातात द्याची, सही घ्याची. कोनी नसन घरी, तं दोन पंच बलावून दारावर चिपकवाची. थैलीत वस्तीले ठेवाची नाई.”

“तुमी कधीच नाई ठेवली?”

गुणवंतरावांनी तोंड अंगणाकडे फिरवलं. “एकडाव. मुखरूची. जमिनीचा हुकूम होता, पंधरा दिवसात अपील कराचं होतं. त्याच्या पोरीचं लगन होतं. म्हटलं, लगन होऊ दे, मंग देतो. बारा दिवस ठेवली.”

“मंग?”

“मंग काय. तीन दिवसात त्याले वकील भेटला नाई. जमीन गेली.” ते तिच्याकडे वळले. “तुह्या थैलीत किती दिवसापासून हाये, दिव्या?”

खोटं बोलायचंही तिला सुचलं नाही. “अकरा.”

“आन.”

ती आत गेली, चेन उघडली, कागद आणून त्यांच्या हातात दिला. “कॅन्सर हाये बाबा,” ती म्हणाली. पाढा म्हणावा तसा आवाज आला. “रिपोर्टपासून तीन आठवड्यांच्या आत ऑपरेशन करा म्हनते डॉक्टर.”

त्यांनी पेन मागितला. कागद मांडीवर ठेवून खाली कोपऱ्यात ‘मिळाली’ लिहिलं, आजची तारीख घातली आणि सही केली. चौतीस वर्षं दुसऱ्यांकडून घेतली, तशीच, तारखेखाली रेघ ओढून. डॉक्टरने गाल कुठवर कापायचा म्हटलंय ती ओळ दाखवायला दिव्यानीने हात पुढे केला, तर त्यांनी कागद बाजूला घेतला आणि घडी करून खिशात घातला.

“देला ना मले? आता थो माहा हाये.”

“बाबा, मी आधीच सांगाले पायजे होतं.”

“पायजे होतं,” ते म्हणाले. त्यांनी बोटांवर मोजलं, मग पुन्हा एकदा मोजलं. “मुखरूले मी तीन दिवस बाकी ठेवले होते. तू मले दहा ठेवले. नागपूरच्या बसचा टाइम पाय.”

तिने मोबाईल काढला. सकाळची पहिली बस सहा दहाची होती. तेवढंच सांगायचं होतं. तिने तोंड उघडलं आणि “सहा” म्हणाली. सहाच्या पुढचे दहा काही केल्या तोंडातून निघेनात. गुणवंतरावांनी मोबाईल तिच्या हातातून घेतला, डोळ्यांपासून लांब धरला आणि वेळ स्वतःच वाचली.