शुक्रवारचं मोजमाप

भिवंडीत नारपोलीच्या यंत्रमागांच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून, आत पाऊलही न टाकता, कुठला लूम आजारी आहे हे सांगावं तर ते विठू जॉबरनेच. जॉबर म्हणजे लूमांचा वैद्य. एकदा कारखान्याच्या शेठच्या घरच्या लग्नात भर पंगतीतून उठला, "सतरा नंबरचा धोटा मार खातोय," म्हणाला आणि निघाला. धोटा खरंच फुटायला आला होता. विठूच्या जिलब्या मात्र राहिल्या त्या राहिल्याच.

असा तिखट कानाचा बाप, आणि मुलगी रीमा अगदी उलटी. टेमघरच्या खोलीशेजारीच कारखाना, त्या खडखडाटातच तिने एमएससी केली. जन्मापासूनचा आवाज तो. चालू झाला काय नि बंद पडला काय, तिला कळतच नसे.

तिचा विषय ऐकून आई गुणाबाई हसून हसून लोळली होती. रीमा सांगत होती, "प्रकाशाचा एकेक कण काचेच्या तारेतून पाठवायचा, त्यात गुप्त किल्ली. वाटेत कुणी डोकावलं की कण बिघडतो नि डोकावणारा पकडला जातो."

"अगो बाय! मंग आपल्या शेजारच्या कमळाबाईनं जगायचं कसं?"

बंगळूरच्या एका संस्थेत या संशोधनाची एकच जागा होती. अट अशी, की खऱ्या शहरातल्या तारेतून प्रकाश किती स्थिर जातो ते मोजून दाखवायचं. कॉलेजच्या माधवी मॅडमनी मोजायचं यंत्र दिलं. अंजूरच्या भाविक केबलवाल्याची एक रिकामी तार टेमघरहून कारखान्यांच्या पत्र्यांवरून नारपोलीला जात होती. "शुक्रवारी ये ताई," तो म्हणाला, "त्या दिवशी माझी माणसं मोकळी असतात."

शुक्रवारी विठूलाही सुट्टी. बापलेक यंत्र घेऊन नारपोलीच्या कारखान्याच्या माळ्यावर चढत. असे आठ शुक्रवार गेले. पडद्यावरची रेघ अशी सरळ, जसा लूमवरच्या ताण्यातला धागा. मुलाखत झाली, बंगळूरचे सर खूश झाले. "निवड पक्कीच समजा. फक्त आठवडाभराची सलग नोंद पाठवा, मग पत्र काढतो."

गुणाबाईने चाळीत पेढे वाटले, पहिला कमळाबाईला.

शुक्रवारी सलग नोंद सुरू झाली. शनिवारी सकाळची शिफ्ट लागली आणि रेघ पिसाळली. रीमाने जोड बदलले, यंत्र पुन्हा लावलं, सोमवारपर्यंत माळ्यावरून उतरली नाही. शेवटी विठू वर आला. नाडी बघावी तसा त्याने भिंतीला हात लावला.

"रीमे, भिंत थरथरतेय. तुझी तार हिलाच बांधलीय ना?"

"हो. तार हलली की प्रकाशही हलतो."

"आपण सगळं शुक्रवारीच मोजलं ना?"

"शुक्रवारीच, बाबा."

विठूने भिंतीवरचा हात काढला. "शुक्रवारी लूम बंद असत्यात गं. सगळी भिवंडी गप असते. शेजारी बसून मला हे सुचलं न्हाय, आन् म्हनं मी जॉबर!"

तो शेठकडे गेला. शेठ म्हणाला, "विठू, माझे करीन रे चार दिवस बंद. बाकीच्या हजारोंचं काय करशील?" तार दुसरीकडून न्यावी, तर तिथेही लूमच.

भाविक म्हणाला, "ताई, शुक्रवारचंच पाठव ना सात वेळा. त्यांना थोडीच कळणार हाय?"

रीमाने सातही दिवसांची नोंद पाठवली, का बिघडली तेही लिहिलं. उत्तर तीन ओळींचं आलं. प्रामाणिकपणाचं कौतुक वाटलं, निवड रद्द झाली होती, पुढे दुसरी जागा निघणार नव्हती. माधवी मॅडमनी आणखी दोन ठिकाणी विचारून पाहिलं. तिथून उत्तरच आलं नाही.

यंत्र परत द्यायच्या आदल्या दिवशी शुक्रवार होता. विठू म्हणाला, "एकदा लाव बघू."

रेघ सरळ होती. विठूने पडद्यावरच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"एक दिस तरी चालतंय नव्हं?"

"गुपितं काय शुक्रवारचीच असतात का, बाबा?"

आता रीमा अंजूरला एका गोदामात पार्सलं स्कॅन करते. दिवसाला हजारभर खोकी तिच्या हाताखालून जातात, बंद, पत्ता चिकटवलेली. गुणाबाई कमळाबाईला सांगते, "माझी पोर कंप्युटरवर हाय." विठूचा कान हल्ली दगा देतो, धोटा फुटेपर्यंत समजत नाही. भाविकची तार अजून पत्र्यांवरून तशीच गेलेली आहे, रिकामी.

रीमाची सुट्टी मंगळवारी असते.